फिनास्टराइड सुरू करू का? घेतलेल्यांनी आणि सोडलेल्यांनी मोकळेपणाने लिहा

हातमाग
नमस्कार मंडळी. वय २८, मुक्काम सोलापूर, पूर्व भाग. नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. दोन्ही बाजूंनी कपाळ मागे सरकलंय आणि भोवऱ्याच्या जागी टाळू दिसायला लागलीय. वडील, दोन्ही काका, आजोबा, सगळ्यांचं असंच झालं, त्यामुळे कारण शोधायला लांब जायला नको.

त्वचारोगतज्ज्ञांनी डोकं बघून 'पुरुषी टक्कल' हे निदान केलं. फिनास्टराइड १ मिलिग्रॅम रोज एक गोळी आणि मिनॉक्सिडिल ५ टक्के लावायला, असं लिहून दिलं. दुष्परिणाम विचारले तर "फार कमी जणांना होतात, काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळालं. बाहेर रांग होती, मलाही पुढे विचारायचा संकोच वाटला.

नेटवर वाचायला बसलो तर एकजण म्हणतो काहीच होत नाही, दुसरा म्हणतो आयुष्य बरबाद झालं. वैशाखात लग्न ठरलंय, म्हणून धाकधूक जास्त. गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलंय, अजून फोडलेलं नाही.

विचारायचं एवढंच: लैंगिक त्रास खरंच होतो का? झाला तर गोळी बंद केल्यावर जातो का? मूल होण्यावर परिणाम होतो का? नुसतं मिनॉक्सिडिल लावून भागेल का? ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांचं ऐकायचंय.

कडक_भाकरी
घेतोय, बरीच वर्षं झाली. लग्न झालं, दोन मुलं झाली, सगळं गोळी चालू असतानाच. पहिले काही आठवडे वीर्य पातळ आणि कमी वाटलं, ते तसंच राहिलं, पण त्यापलीकडे काही नाही. माथ्यावरचे केस टिकले. कपाळावरचे गेलेले मात्र परत आले नाहीत, ती आशा धरू नकोस.

सात_रस्ता
काय बे, २८ व्या वर्षी एवढं टेन्शन! मशीन फिरव आणि मोकळा हो. मी फिरवलं. सोलापूरच्या मे महिन्यात डोक्यावर गार पाण्याचा तांब्या ओतला की जे सुख मिळतं ते केसवाल्यांना कधी कळायचं नाही. दुष्परिणाम एकच, उन्हात टोपी लागते.

हातमाग
@सात_रस्ता, मालक, तो पर्याय शेवटी आहेच. पण आत्ता सासरची मंडळी अक्षतेला गुळगुळीत डोक्याचा नवरदेव बघून गोंधळतील :)

नवीपेठकर
मी सोडलेल्यांपैकी. नीट लिहितो, कारण अशा ठिकाणी लोक एकतर थट्टा करतात किंवा घाबरवतात.

गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या महिन्यात इच्छा कमी झाली. म्हणजे बायकोवर राग, भांडण, कामाचा ताण असं काहीही नसताना मनातच येईना. मग ताठरतेची अडचण सुरू झाली. आधी वाटलं दुकानातली दगदग असेल. दिवाळीचा सीझन संपला, दगदग कमी झाली, तरी तेच. मग डॉक्टरांना सांगून गोळी बंद केली. ताठरता लवकर सुधारली, इच्छा पूर्ववत व्हायला काही महिने गेले. आज सगळं ठीक आहे. केस मात्र वर्षभरात जिथे जायचे तिथे गेले.

माझी तक्रार औषधाबद्दल नाही. ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथे टक्कल किती टक्के भरून येईल त्याचे फोटो दाखवले, पण हे होऊ शकतं असं एका शब्दाने कुणी बोललं नाही. आधी माहीत असतं तर दोन महिने स्वतःलाच दोष देत बसलो नसतो.

त्वचावैद्य
मूळची सोलापूरची, त्वचारोगतज्ज्ञ आहे, सध्या पुण्यात. धागा चांगला चाललाय म्हणून सविस्तर लिहिते. हा सल्ला नाही, माहिती आहे. तुझे डॉक्टर तुला समोर बघतात, मी बघत नाही.

फिनास्टराइड काय करतं? शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या माथ्यावरची केसांची मुळं याच डीएचटीमुळे आक्रसत जातात. केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी लव उरते. डीएचटी बनवणारं एक एन्झाइम ही गोळी अडवते आणि रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली येतं. टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, उलट किंचित वाढतं.

हे सुचलं कुठून तेही सांगण्यासारखं आहे. १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. तिथल्या काही मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमी होतं. ती मोठी झाली तेव्हा त्यांचं प्रोस्टेट (पुरुषांतली मूत्राशयाखालची ग्रंथी) लहान राहिलं आणि टक्कल पडलं नाही. त्यातून आधी प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी आली, अमेरिकेत १९९२ मध्ये. केसांसाठीची १ मिलिग्रॅम १९९७ मध्ये मंजूर झाली.

आता आकडे. १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवरच्या मूळ चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के लोकांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास सांगितला. ज्यांना नकली गोळी दिली होती त्यांच्यातही २.१ टक्के लोकांनी सांगितला. म्हणजे शंभरात दोघांच्या आसपास खऱ्या गोळीच्या खात्यावर टाकता येतील. बहुतेकांचा त्रास गोळी बंद केल्यावर गेला, काहींचा तर गोळी चालू असतानाच गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. बंद केल्यावरही त्रास टिकून राहिल्याच्या तक्रारी नंतर येत राहिल्या. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ आणि २०१२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तशी भर घालायला लावली. किती जणांना असं होतं याचा भरवशाचा आकडा कुणाकडेच नाही. कमी आहे, पण 'होतच नाही' असं सांगणं चूक ठरेल.

आणखी एक. २००७ मध्ये इटलीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या रुग्णांना ५ मिलिग्रॅमची गोळी दिली. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्के लोकांनी त्रास नोंदवला, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्के. औषध एकच, भीतीचा वाटा केवढा ते बघा.

नवीपेठकर
@त्वचावैद्य, मॅडम, आकडे छान मांडलेत, पण शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी काही वाचलंही नव्हतं. मग माझा त्रास भीतीच्या खात्यावर कसा टाकणार? आणि न सांगितलेल्यांतही १५ टक्के आहेतच की. या अभ्यासाचा आधार घेऊन डॉक्टर मंडळी "सांगितलं की त्रास वाढतो, म्हणून न सांगितलेलं बरं" असं म्हणायला लागतील.

त्वचावैद्य
@नवीपेठकर, बरोबर आहे तुमचं. तुमचा त्रास खरा होता आणि तो औषधाचाच असण्याची शक्यता दाट आहे: सुरू केल्यावर आला, बंद केल्यावर गेला. तो अभ्यास प्रोस्टेटच्या म्हणजे मोठ्या वयाच्या रुग्णांचा होता आणि डोसही पाचपट होता, तेही सांगायला हवं. न सांगण्याचं समर्थन मी मुळीच करत नाही. रुग्णाला सांगायचंच, फक्त घाबरवून नाही, आणि "असं वाटलं तर मला लगेच फोन कर" हे वाक्य जोडून.

उजनीचं_पाणी
ह्या गोळ्याबिळ्या कशाला? आपल्या भागात बोअरच्या पाण्याने केस जायलेत. क्षार किती आहेत बघा, बादलीला पांढरा थर बसतोय. आमच्या अपार्टमेंटमध्ये बोअरचं पाणी सुरू झाल्यापासून सगळ्यांचे केस गळायलेत. नळाच्या पाण्याने अंघोळ करा, खोबरेल तेल लावा.

मेडिकलवाला
@उजनीचं_पाणी, नळाला पाणी किती दिवसांनी येतंय ते तुम्हालाही ठाऊक हाय. त्यात केस धुवायचे का प्यायचं?

खारट पाण्याने केस राठ होतात, मध्येच तुटतात. तेलाने मऊ राहतात, हेही खरं. पण हातमागचं प्रकरण वेगळं हाय. पाण्याने केस गेले असते तर मागचे आणि कानावरचेही गेले असते. नुसतं कपाळ आणि भोवरा जातो तेव्हा मूळ आतलंच असतं. पाणी काय जागा निवडून मारत नाही.

उजनीचं_पाणी
मग बुलडाण्यात काय झालं? शेगाव तालुक्यात गावंच्या गावं टकली झाली की चार दिवसांत!

त्वचावैद्य
ते जानेवारी २०२५ चं प्रकरण. तिथे आधी पाण्यावरच संशय होता. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचं दाखवलं. पण बघा, तिथे बायका, मुलं, सगळ्यांचेच केस गेले आणि झपाट्याने गेले, आणि पुष्कळांचे परतही आले. असं अचानक सगळीकडून गळणं ही निराळी गोष्ट. टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनीही केस असेच पुंजक्यांनी गळतात आणि आपोआप भरतात. तिथे फिनास्टराइडचं काही काम नसतं. म्हणून निदान आधी, गोळी नंतर.

होटगीरोड
मिनॉक्सिडिलवर कुणीच लिहिना, म्हणून मी लिहितो. तीन गोष्टी घडल्या.

एक, लावायला सुरुवात केल्यावर केस आणखी गळायला लागले. उशीवर, टॉवेलवर, जिकडे तिकडे केस. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून थांबलो नाही. जुने केस झडून नवे यायची ती वेळ असते म्हणे, दोनेक महिन्यांत थांबलं.

दोन, डोक्याला भयंकर खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे. द्रावणात प्रोपिलिन ग्लायकॉल असतं, काहींच्या कातडीला ते सोसत नाही. फोम मिळतो त्यात ते नसतं. फोमवर आलो आणि खाज गेली. महाग पडतो.

तीन, नंतर एका डॉक्टरांनी लावायचं बंद करून मिनॉक्सिडिलची कमी डोसची गोळी दिली. केस खरंच छान आले. पण हाताच्या पाठीवर, कानावर, गालाच्या हाडावरही आले. संध्याकाळी घोट्यावर सूज, मोज्याची खूण तासभर जात नसे. जिना चढताना धडधड व्हायची. बीपी तपासलं, ईसीजी काढला, आणि डॉक्टरांनीच गोळी बंद केली.

मेडिकलवाला
@होटगीरोड यांनी शेवटी लिहिलंय ते फार महत्त्वाचं. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते बीपीसाठी आलं आणि रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हे डोक्याला लावता येईल. तोंडाने घेतलं की ते रक्तवाहिन्यांवर काम करणारच. बीपीची गोळी चालू असेल, हृदयाचं काही असेल, तर मित्राने सांगितलं म्हणून घ्यायचं हे औषध नाही.

दुकानात रोज दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी. पहिली: लोक प्रोस्टेटची ५ मिलिग्रॅमची गोळी नेतात आणि घरी चार तुकडे करतात, स्वस्त पडते म्हणून. तुकडे सारखे पडत नाहीत हा भाग वेगळा, पण घरात गरोदर बाई असेल तर तुटलेल्या गोळीची पूड तिच्या हाताला लागता कामा नये. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियाच्या वाढीत दोष येऊ शकतो. अख्खी गोळी हाताळली तर एवढी भीती नाही, वर लेप असतो.

दुसरी: मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड एकाच बाटलीत मिसळलेलं द्रावण हल्ली फार खपतं. लोकांना वाटतं लावायचंच आहे, पोटात जात नाही, म्हणजे दुष्परिणाम नाही. रक्तात कमी जातं, पण जातं. लावलेला हात दुसऱ्याला लागला की तिथेही जातं. झोपायच्या आधी पूर्ण वाळू द्या, हात धुवा, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा.

माऊची_आई
मेडिकलवाला दादांच्या प्रतिसादाला जोडून: मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे. थोडंसं चाटलं तरी जीव जाऊ शकतो. घरात माऊ असेल आणि ती तुमच्या डोक्याशी झोपत असेल तर हे डॉक्टरही सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

सात_रस्ता
बघा, मशीनचा मांजराला काही त्रास नाही.

अश्विनी_जुळे
जुळे सोलापूरहून लिहितेय. सगळे पुरुष बोलतायत म्हणून एका बायकोचं ऐका.

माझे मिस्टर ही गोळी घेत होते आणि मला माहीतच नव्हतं. त्यांच्यात बदल झाला, जवळ यायचं बंद झालं. मी काय समजायचं? मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाळंतपणानंतर जाड झाले म्हणून असेल. बरेच दिवस मनात ठेवलं. जाऊबाईंकडे रडले. शेवटी कपाटात पाकीट सापडलं आणि विचारलं तेव्हा कळलं. त्यांना केसांचं औषध घेतो हे सांगायची लाज वाटत होती. मग आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ती बंद करून नुसतं लावायचं औषध ठेवलं. पुढे सगळं सुरळीत झालं.

हातमाग भाऊ, घ्या किंवा नका घेऊ, पण होणाऱ्या बायकोला सांगा. तिला तुमचं डोकं दिसतंच आहे की!

कडक_भाकरी
ताई, शंभर टक्के. आमच्या घरी गोळी चहाच्या डब्याशेजारी असते. विसरलो तर बायकोच आठवण करते.

नाना_६७
मी ही गोळी केसांसाठी नाही, प्रोस्टेटसाठी घेतो, ५ मिलिग्रॅम. रात्री लघवीला उठणं कमी झालं, त्या बाबतीत समाधानी आहे. तरुण मुलांच्या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण एक गोष्ट तुमच्या वडिलांसाठी आणि पुढे तुमच्यासाठी उपयोगी पडेल.

या गोळीने रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन) निम्म्यावर येतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय याच तपासणीवरून घेतात. माझा पीएसए २.८ आला तेव्हा लॅबच्या कागदावर सगळं ठीक होतं. युरॉलॉजिस्टनी मात्र गोळी चालू आहे म्हणून तो दुप्पट करून ५.६ धरला आणि पुढच्या तपासण्या लावल्या. सुदैवाने काही निघालं नाही. पण जो माणूस केसांसाठी तिशीपासून ही गोळी घेतो आणि पन्नाशीत पीएसए करतो, त्याने लॅबमध्ये आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगायलाच हवं. १ मिलिग्रॅमनेही पीएसए उतरतो असं त्यांनी सांगितलं.

त्वचावैद्य
नाना, फार मोलाचं लिहिलंत. यात रक्तदानाचीही भर घालते. फिनास्टराइड चालू असताना रक्त देऊ नये. तुमचं रक्त गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं. बंद केल्यावर निदान एक महिना थांबायचं. ड्युटास्टराइड, म्हणजे याच जातीचं दुसरं औषध, असेल तर सहा महिने, कारण ते शरीरातून फार सावकाश जातं.

हातमाग
अरे देवा. मी दर शिवजयंतीला आमच्या मंडळाच्या शिबिरात रक्तदान करतो. हे कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय. मूल होण्याबद्दलचा प्रश्न तेवढा राहिला.

त्वचावैद्य
बहुतेक निरोगी पुरुषांत १ मिलिग्रॅमने वीर्याच्या दर्जावर फारसा फरक पडत नाही. कडक_भाकरी यांना दोन मुलं झाली हे त्याला धरूनच आहे. पण ज्यांची शुक्राणूंची संख्या आधीच कमी असते त्यांच्यात ती आणखी घसरते आणि गोळी थांबवल्यावर सुधारते, असं दिसलंय. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोलून त्या काळापुरती थांबवतात. तोटा एवढाच की केसांना मिळालेला फायदा वर्षभरात ओसरतो.

कंबरतलाव
सगळा धागा वाचला. इथे एका गोष्टीवर अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून लॉगिन केलं.

माझा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना त्याला नैराश्याचा त्रास होऊन गेला होता, औषधांनी बरा झाला होता. नोकरीला लागल्यावर केसांसाठी एका ऑनलाइन ॲपवरून ही गोळी मागवायला लागला. चार प्रश्नांचा फॉर्म भरला, डोक्याचा फोटो पाठवला, घरपोच पाकीट. मनाच्या आजाराबद्दल एक प्रश्न त्यात नव्हता.

काही महिन्यांत तो बदलला. पार्क मैदानावर रविवारी क्रिकेट खेळायचा, ते सुटलं. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत दरवर्षी पुढे असायचा, त्या वर्षी घरातून निघालाच नाही. आई म्हणायची दृष्ट लागली. एका रात्री माझ्याशी बोलताना तो म्हणाला की जगण्यात काही अर्थ वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली औषधं चालू आहेत?" गोळीचं नाव ऐकताच ती थांबवली आणि नैराश्याचे उपचार सुरू केले. आज तो चांगला आहे.

गोळीमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. त्याला आधी त्रास होता. नोकरीचा ताण होता. डॉक्टरही नक्की सांगू शकत नाहीत म्हणाले. पण गोळी सुरू करण्याआधी कुणीतरी "आधी कधी नैराश्य आलं होतं का" एवढं विचारायला हवं होतं.

नवीपेठकर
कंबरतलाव, भावाला जपा. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

आता मागे वळून बघतो तर त्या महिन्यांत माझंही कशात लक्ष लागत नव्हतं. मी ते सगळं 'त्या' अडचणीच्या खात्यावर टाकलं होतं.

त्वचावैद्य
हा मुद्दा मी माझ्या पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवा होता, इतका महत्त्वाचा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत १ मिलिग्रॅमच्या माहितीपत्रकात आत्महत्येचे विचार आणि वर्तन यांचा उल्लेख घातला गेला. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने सगळा पुरावा तपासून आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडचा दुष्परिणाम आहे असं मान्य केलं. बहुतेक तक्रारी केसांसाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या होत्या. किती जणांना होतं ते सांगता येत नाही. फायदा धोक्यापेक्षा जास्त असल्याचं त्यांनी कायम ठेवलं, पण मन उदास वाटलं तर केसांची गोळी बंद करून डॉक्टरांना भेटायचं, हे स्पष्ट लिहिलं. केसांसाठी घेतलेली गोळी थांबवल्याने जीवाला कुठलाही धोका नाही. त्यासाठी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

माझ्याकडे कुणी या गोळीसाठी आलं तर मी आधी नैराश्याचा इतिहास विचारते, झोप विचारते, घरात कुणी आत्महत्या केली आहे का हेही विचारते. पेशंटला नवल वाटतं की केसांच्या डॉक्टर हे कशाला विचारतात. आणि घरातल्या एका माणसाला माहीत असू दे, असं सांगते. स्वभावातला बदल स्वतःला उशिरा कळतो, समोरच्याला आधी.

अश्विनी_जुळे
कंबरतलाव दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. सोलापूरची माणसं मुळात असं काही बोलतच नाहीत. पुरुष तर नाहीच.

मेडिकलवाला
ज्यांना त्रास झालाय त्यांनी नोंद करावी. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे चालतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नाही, रुग्ण स्वतःही नोंदवू शकतो. नवीपेठकर, तुमचा अनुभव तिथे जायला पाहिजे. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात भर पडली ती लोकांनी नोंदी केल्या म्हणूनच.

नवीपेठकर
नंबर लिहून घेतला. करतो.

सात_रस्ता
मी इतका वेळ चेष्टा करत होतो, पण हा धागा प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर चिकटवावा असा झालाय. हातमाग, आता तू काय ठरवलंस ते सांग बे.

हातमाग
उशीर झाला लिहायला, कारखान्यात एक्स्पोर्टची ऑर्डर होती.

परत डॉक्टरांकडे गेलो. या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेले आणि संध्याकाळी शेवटच्या नंबरला बसलो, मागे रांग नको म्हणून. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. मला नैराश्य वगैरे कधी नव्हतं, तेही विचारलं. ठरलं असं की आत्ता नुसतं मिनॉक्सिडिल सकाळ-संध्याकाळ लावायचं, लग्न होऊ द्यायचं, सहा महिन्यांनी फोटो बघून फिनास्टराइडचं ठरवायचं. ते म्हणाले नुसत्या मिनॉक्सिडिलने मुळाशी डीएचटीचा मारा चालूच राहतो, त्यामुळे काही केस जातील ही तयारी ठेव. ठेवलीय. पाकीट मेडिकलमध्ये परत दिलं.

होणाऱ्या बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली तिच्या वडिलांना मी बघितलंय ना, मग तिला टकलाची सवय आहे. एवढं बोलून हसली.

अश्विनी_जुळे
मुलगी चांगली आहे. लग्नाला बोलवा.

कडक_भाकरी
निर्णय चांगला. मी असतो तर सुरू केली असती, कारण माथा एकदा गेला की परत येत नाही, आणि दोन वर्षांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांचे केस टिकले किंवा वाढले होते, नकली गोळीवाल्यांत २८ टक्केच. फार लांबवू नकोस एवढंच. पण डोकं तुझं, घर तुझं.

होटगीरोड
द्रावण लावल्यावर खाज आली तर लगेच फोम माग. आणि पहिल्या दोन महिन्यांत केस गळले तर घाबरून थांबू नकोस. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात माथ्याचा फोटो काढ. आरशात रोज बघून काही कळत नाही.

कंबरतलाव
सहा महिन्यांनी फिनास्टराइड सुरू केलीस तर घरात कुणाला तरी सांगून कर. तेवढं केलंस तर माझं लॉगिन करणं सार्थकी लागलं.

हातमाग
सांगेन दादा. बायकोला आणि मोठ्या बहिणीला, दोघींना. मिनॉक्सिडिल चालू असताना शिबिरात रक्त देता येईल का तेवढं कुणीतरी सांगा.

त्वचावैद्य
नुसतं डोक्याला लावत असशील तर सहसा हरकत नसते. तरी रक्तपेढीच्या फॉर्मवर औषधाचं नाव लिही आणि त्यांच्या डॉक्टरांना ठरवू दे.